आजऱ्याहून कोल्हापूरला रक्ताची सॅम्पल जातात, पोटॅशियम जास्त का येतंय?

हिरण्यकेशी यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी, आजऱ्यात माझं छोटं कलेक्शन सेंटर आहे, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालेय. हिमोग्लोबिन, लघवीची साधी तपासणी, मलेरियाची स्लाइड एवढं इथंच करते, बाकीचं सगळं कोल्हापूरच्या एका लॅबला जातं. सकाळी साडेसातपासून रक्त घ्यायला सुरुवात, अकराच्या आसपासच्या एसटीत डबा चढवायचा, तिकडं स्टँडवर लॅबचा पोरगा उतरवून घेतो. पण तो अजून दोन-तीन गाड्यांचे डबे गोळा करूनच लॅबला जातो, त्यामुळं प्रत्यक्ष मशीनला लागेपर्यंत कधी तीन वाजतात कधी साडेचार.

अडचण पोटॅशियमची आहे. धडधाकट माणसांचं ५.८, ६.१ असं यायला लागलंय. परवा एका आजोबांचं ६.४ आलं, आमच्या डॉक्टरांनी ताबडतोब गाडी करून कोल्हापूरला पाठवलं, तिथं ईसीजी नॉर्मल, परत रक्त काढलं तर ४.४. घरच्यांची रात्रभर झोप उडाली, गाडीचा खर्च गेला तो वेगळाच. क्रिएटिनिन पहिल्यापासून नॉर्मल होतं. लॅबला फोन केला तर म्हणाले सॅम्पल हिमोलाइज नव्हतं (तांबड्या पेशी फुटलेल्या नव्हत्या), मशीनचं कंट्रोल बरोबर आहे. डबा थर्मोकोलचा, खाली-वर फ्रीझरमधले आईसपॅक, हात घातला तर गार लागतो एकदम. सेंट्रिफ्यूज (रक्त फिरवून पेशी वेगळ्या करायचं मशीन) माझ्याकडं नाही, बल्ब म्हणजे रक्ताच्या नळ्या न फिरवता तशाच जातात.

शिवाय इथले सर्जन अधूनमधून बायोप्सीची बाटली देतात, कधी युरिन कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) असतं, त्यातलं काय गार ठेवायचं काय नाही यावर प्रत्येकजण वेगळं सांगतो. रोज हे काम करणाऱ्यांनी नीट सांगा. पेशंट माझ्या तोंडाकडं बघून रिपोर्टवर विश्वास ठेवतो, तो चुकीचा निघाला की फार लागतं मनाला.

पंचगंगाकाठ:

ताई, मी कोल्हापुरातच बायोकेमिस्ट्री सेक्शनला बरीच वर्षं आहे. तुमचा प्रश्न निम्मा वाचला तेव्हाच कळलं, हे बर्फाचं काम आहे.

बघा, तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या सिरमच्या (रक्त गोठल्यावर वेगळं होणाऱ्या पिवळ्या पाण्याच्या) वीस-पंचवीस पट असतं. ते आत धरून ठेवायला पेशीच्या भिंतीवर एक पंप असतो, तो सतत सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत ओढतो. रक्त गार केलं की हा पंप मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू झिरपत सिरममध्ये येतं. पेशी फुटलेली नसते त्यामुळं सिरम पिवळं स्वच्छच दिसतं आणि हिमोलिसिस इंडेक्स (पेशी किती फुटल्या त्याचा मशीनचा आकडा) पण नॉर्मल येतो, म्हणून लॅबवाले म्हणतात सॅम्पल चांगलं आहे. त्यांचं खोटं नाही, पण डबा किती तास गारठलाय ते त्यांना सिरम बघून दिसत नाही. आठला काढलेलं रक्त न फिरवता साडेचारपर्यंत बर्फावर बसलं तर ४.४ चं ६ होणं यात नवल काहीच नाही.

उन्हाळ्यात उलटं होतं हे पण डोक्यात ठेवा. डबा ३५-४० डिग्रीला तापला तर पंप जोरात चालतो, पोटॅशियम आधी खाली जातं आणि बल्बमधली साखर संपली की मग वर चढतं. म्हणजे किडनीच्या पेशंटचं खरोखर वाढलेलं पोटॅशियम नॉर्मल दिसू शकतं आणि मला विचाराल तर ते जास्त धोक्याचं, कारण नॉर्मल रिपोर्टवर परत फोन कोण करतो?

उपाय एकच, सेंट्रिफ्यूज घ्या. जेलचा बल्ब (पिवळ्या झाकणाचा) वापरा, रक्त घेतल्यावर पाच वेळा अलगद उलटा-सुलटा करा, अर्धा तास उभा ठेवून गोठू द्या, मग १००० ते १३०० जी ला (जी म्हणजे फिरताना पडणारा जोर, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) १० मिनिटं फिरवा, जेल मध्ये आलं की पेशी खाली सिरम वर. त्यानंतर खुशाल २ ते ८ डिग्रीत पाठवा. आधी वेगळं करायचं, मग गार करायचं, हा क्रम उलटा झाला की सगळं बिघडतं. अर्धा तास न थांबता घाईनं फिरवलं तर सिरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात, ते मशीनच्या नळीत अडकतात आणि भलतेच आकडे येतात. आणि एकदा फिरवलेला जेल बल्ब सिरम कमी दिसतंय म्हणून परत फिरवायचा नाही, जेलच्या खालचं पोटॅशियम वर येतं.

अजून एक बघून घ्या. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए बल्बमध्ये पोटॅशियमचंच मीठ असतं. कुणी त्यातलं रक्त दुसऱ्यात ओतलं किंवा सिरिंजनं आधी जांभळा भरून मग त्याच सुईनं पिवळा भरला तर पोटॅशियम वाढतं, पण त्याच्या जोडीला कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज पडलेलं दिसतं. तुमच्या पेशंटचं कॅल्शियम ठीक असेल तर ही शक्यता जवळजवळ बाद. क्रम साधारण असा ठेवा: कल्चर असेल तर ते पहिलं, मग निळा सायट्रेट, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा, मग जांभळा आणि शेवटी करडा. पेशंटला मूठ उघडझाप करायला लावू नका आणि दंडाला पट्टी मिनिटाच्या वर नको, त्यानंही पोटॅशियम चढतं.

आणि कळकळीनं सांगतो, कारण कळलं म्हणून उद्यापासून ६.४ आलं की 'बर्फामुळं असेल' म्हणून सोडू नका. तुमच्या डॉक्टरांनी आजोबांना पाठवलं ते बरोबरच केलं. असा आकडा आला की ईसीजी आणि ताजं रक्त, दोन्ही लगेच.

काळीपिवळी_यवतमाळ:

ताई मी रनर आहे, बाईकवर सेंटर टू सेंटर फिरून सॅम्पल उचलतो आन लॅबला पोचवतो. वरच्या सरांनी आतलं सांगितलं, मी रस्त्यावरचं सांगतो कारण आमच्याकडं उन्हाळ्यात ४५ डिग्री राहते आन डबा जर चुकला तर सकाळची सगळी मेहनत पाण्यात.

फ्रीझरमधून काढला आन सरळ बल्बला चिकटवला असा आईसपॅक कधीच नाही लावायचा. बल्ब गोठला की पेशी फुटते, सिरम लालभडक. पीएचसीत लसी ठेवणाऱ्या सिस्टरला विचारा, त्या आईसपॅक बाहेर काढून ठेवतात, त्याला घाम सुटू देतात, कानापाशी हलवून आत पाणी वाजलं की मगच डब्यात भरतात. तसंच करायचं. आन पॅक आणि बल्बच्या मधात जाड पुठ्ठा नाहीतर फोम. एक प्रोबवाला डिजिटल थर्मामीटर येते, डिस्प्ले डब्याच्या बाहेर आन वायर आत, तो लावून घ्या, हात घालून गार लागते का पाहणं म्हणजे अंदाज झाला.

डबे दोन ठेवा. एकात फिरवलेलं सिरम, कल्चरची लघवी अशा गार जाणाऱ्या गोष्टी. दुसऱ्यात विनाबर्फाचं, सीबीसी (पेशींची मोजणी), ईएसआर, पीटी (रक्त गोठायची वेळ) हे. दुसऱ्याला पण थर्मोकोल पाहिजेच, उन्हापासून वाचवाले. बाईकच्या डिकीत उन्हाळ्यात सॅम्पल टाकू नका, डिकी अक्षरशः भट्टी होते. एसटीत ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनवर ठेवू देऊ नका, तिथं पण तेच.

बल्ब उभेच पाहिजे, स्टँडमध्ये घट्ट बसवून. आडवे पडले आन खड्ड्याचा रस्ता असला की रक्त झाकणाशी आपटत राहते, हिमोलाइज होते. स्टँड नसेल तर पॅकिंगचा फोम घेऊन त्याला भोकं पाडा, चालते.

सांडलं तर काय हे ठरवून ठेवा. माझ्या बॅगीत मोजे, टिश्यू, झिपलॉक आन हायपोची छोटी बाटली कायम राहते. सांडलेल्यावर आधी टिश्यू टाकायचा, वरून १ टक्का हायपोक्लोराइट ओतायचं, दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्यायचं आन मग उचलायचं. बाजारात ५ टक्क्याचं भेटलं तर एक भाग ते आन चार भाग पाणी. रोज ताजं करा, काल बनवलेल्यात दम राहत नाही. उचललेलं घरच्या कचऱ्यात नाही, पिवळ्या पिशवीत.

आन सुई लागलेली सिरिंज डब्यात टाकून देणारे लोक आहेत अजूनही. मी उचलतच नाही, सरळ परत देतो. कुणाला सुई टोचलीच तर साबण-पाण्यानं धुवायचं, दाबून रक्त काढत बसायचं नाही, आन तडक सरकारी दवाखान्यात जायचं. एचआयव्हीसाठीच्या गोळ्या दोन तासात सुरू झाल्या तर उत्तम, ७२ तासाच्या आत तर झाल्याच पाहिजे, २८ दिवस घ्या लागतात. हिपॅटायटिस बी चे तीन डोस या कामात पडल्याबरोबर घ्यायचे. आमच्यातले लय पोरं घेत नाही, मालक पण विचारत नाही, ह्याचा मला खूप राग येतो.

लाल_माती_एमडी:

मी फिजिशियन आहे, सिंधुदुर्गात प्रॅक्टिस. वरचे दोन्ही प्रतिसाद इतके नेमके आहेत की मी फक्त राहिलेल्या सॅम्पलबद्दल लिहितो.

बायोप्सी. ती बर्फात ठेवायचीच नाही. १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवायची, शक्यतो बफर्ड, आणि फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहा पट. १० टक्के म्हणजे बाजारातल्या ३७-४० टक्के फॉर्मल्डिहाइडचा एक भाग आणि नऊ भाग पाणी, लोक यात फार गोंधळ करतात. सलाइनमध्ये किंवा साध्या पाण्यात टाकलेला तुकडा सडायला लागतो आणि पॅथॉलॉजिस्टला काहीच वाचता येत नाही. तो तुकडा परत मिळत नसतो हो, रक्त परत काढता येतं, पण काढलेली गाठ परत कुठून आणणार! बाटली रुंद तोंडाची पाहिजे, कारण अरुंद तोंडाच्या सलाइनच्या बाटलीत मऊ असताना कोंबलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घट्ट होतो आणि मग बाहेरच निघत नाही, बाटली कापावी लागते. नाव बाटलीवर लिहायचं, झाकणावर नाही, झाकणं बदलतात.

स्तनाच्या गाठीचं असेल तर तुमच्या सर्जनना आवर्जून सांगा की काढल्यापासून तासाभरात तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे आणि ती वेळ फॉर्मवर लिहिली पाहिजे. पुढं ईआर, पीआर, हर-टू या (कुठलं औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या) तपासण्या होतात, त्यासाठी फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास हा काळ धरलेला आहे. शनिवारी काढून बाटली सोमवार-मंगळवारपर्यंत सेंटरवर पडून राहिली की हे गणित हुकतं आणि त्या बाईला कुठलं औषध द्यायचं हा निर्णयच डळमळतो.

एफएनएसीच्या (गाठीत सुई घालून काढलेल्या पेशींच्या) स्लाइड आणि फॉर्मॅलिनची बाटली एका डब्यात पाठवू नका. नुसत्या वाफेनं सुद्धा वाळवलेल्या स्लाइडचा रंग नीट बसत नाही. मोठमोठ्या ठिकाणी ही चूक होते.

कल्चर. लघवी दोन तासांत लॅबला पोचणार नसेल तर लगेच फ्रीजमध्ये आणि गार डब्यातून २४ तासांच्या आत. बाहेर ठेवलेल्या लघवीत जंतू दुप्पट-चौपट होत जातात आणि नसलेलं इन्फेक्शन रिपोर्टवर दिसतं, मग पेशंट उगाच अँटिबायोटिक खातो. ब्लड कल्चरची बाटली मात्र फ्रीजमध्ये कधीच नाही, रूम टेम्परेचरलाच. मणक्यातलं पाणी कल्चरला जातंय तर तेही गार करायचं नाही, मेंदूज्वराचे काही जंतू थंडीत मरतात. ते तुमच्याकडं आलंच तर अकराच्या एसटीची वाट न बघता स्वतंत्र माणूस पाठवा.

पीटी-आयएनआर निळ्या बल्बमध्ये, रेघेपर्यंत भरलेला, ९ भाग रक्त १ भाग सायट्रेट. अर्धवट भरला तर आयएनआर खोटा वाढतो. तोही विनाबर्फाचा. एपीटीटीला (गोठण्याचीच दुसरी तपासणी) चार तासच मिळतात, त्यामुळं हिपॅरिनवरच्या (रक्त पातळ करायच्या इंजेक्शनवरच्या) पेशंटचं तुमच्याकडून पाठवण्यात अर्थ नाही, त्यांना सरळ तसं सांगा. बाळांचं बिलिरुबिन असेल तर बल्ब चांदीच्या कागदात गुंडाळा, उजेडात ते कमी होतं. अमोनिया, ब्लड गॅस हे तर आजऱ्यातून पाठवूच नका.

तापाच्या पेशंटच्या फॉर्मवर ताप किती दिवसांचा ते लिहाच. डेंगीचं एनएस-वन (विषाणूचं प्रथिन) पहिल्या पाच दिवसांत सापडतं, आयजीएम (शरीरानं बनवलेली अँटिबॉडी) त्यानंतर. ती एक ओळ नसते म्हणून निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ लावता येत नाही, आणि पावसाळ्यात आमच्याकडं लेप्टो, डेंगी सगळं एकदम असतं.

हिरण्यकेशी:

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचगंगाकाठ दादा, जुने रिपोर्ट काढून बघितले, कॅल्शियम सगळ्यांचं नॉर्मल आहे. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच.

दोन शंका. सेंट्रिफ्यूज घेताना काय बघू, दुकानदार फक्त आरपीएम सांगतो, जी कुणीच सांगत नाही. आणि इथं पावसाळ्यात लाइट तासन् तास जाते, त्या दिवशी काय करायचं? आणि शुगरचं राहिलं, करड्या बल्बमध्ये फ्लोराइड असतं म्हणजे न फिरवता पाठवली तर चालते ना?

पंचगंगाकाठ:

मशीनचं डोकं फिरतं त्याच्या मधापासून बल्बच्या तळापर्यंतचं अंतर मोजायचं. १० सेंटिमीटर असेल तर ३००० आरपीएमला साधारण १००० जी पडतं, ३५०० ला १३५० च्या पुढं जातं. म्हणजे ३०००-३४०० च्या मध्ये ठेवा. अंतर जास्त असेल तर आरपीएम कमी लागतं. आठ बल्बचं टेबलावरचं मशीन तुम्हाला पुरेल. जमलं तर स्विंग-आउट घ्या, त्यात फिरताना बल्ब आडवे होतात आणि जेल सरळ बसतं. तिरक्या भोकांचं स्वस्त मिळतं पण त्यात जेल तिरकं बसतं, १० ऐवजी १५ मिनिटं द्यायची. समोरासमोर सारख्या वजनाचे बल्ब पाहिजेत, एकच सॅम्पल असेल तर समोर तेवढ्याच पाण्याचा बल्ब ठेवा. थांबेपर्यंत झाकण उघडायचं नाही, हातानं ब्रेक तर अजिबात नाही.

लाइट गेली तर इन्व्हर्टरवर छोटं मशीन चालतं, फक्त इन्व्हर्टरची ताकद दुकानदाराला विचारून घ्या. तेही नसेल तर त्या दिवशी बल्ब बर्फाविना पाठवा, साधारण २०-२५ डिग्रीला, आणि फॉर्मवर ठळक लिहा 'न फिरवलेलं, काढल्याची वेळ अमुक'. आजऱ्यात पावसाळ्यात तेवढं हवामान असतंच. त्या दिवशी पोटॅशियम मागितलेल्या पेशंटला दुसऱ्या दिवशी बोलवता आलं तर उत्तम.

शुगरचं नीट ऐका. साध्या बल्बमध्ये पेशी साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के कमी होते, पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील तर त्याहून जास्त. फ्लोराइड ते थांबवतं पण लगेच नाही. ते ज्या एन्झाइमला अडवतं ते साखळीत बरंच पुढं आहे, त्यामुळं पहिला तास-दोन तास साखर जातच राहते. मिसळलंच नाही तर अजून वाईट, आठ-दहा वेळा अलगद उलटा करा. ज्याची फास्टिंग १२६ च्या काठावर आहे त्याला डायबेटिस आहे का नाही हे या थोड्याशा फरकावर ठरतं. म्हणून करडा बल्ब पण फिरवून प्लाझ्मा वेगळा करून पाठवलात तर माझ्यासारखा माणूस हात जोडेल. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) जांभळ्यातच जातं, ते फिरवायचं नाही, त्याला गार चालतं आणि ते काही दिवस टिकतं. सीबीसी मात्र त्याच दिवशी, आणि स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) बघायचा असेल तर स्लाइड तुम्हीच तिथं ताजी ओढून वाळवून पाठवा, जुन्या रक्तात पेशी फुगतात.

क्षयतपासणी_धाराशिव:

मी क्षयरोग कार्यक्रमात लॅब सुपरवायझर आहे. ताईंच्या यादीत थुंकी नव्हती पण तालुक्याच्या सेंटरला कधी ना कधी येतेच म्हणून लिहितो.

आधी एक विनंती, खासगीत पैसे भरून थुंकी कोल्हापूरला पाठवण्यापेक्षा पेशंटला ग्रामीण रुग्णालयात पाठवा, तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत आणि निक्षयवर (सरकारच्या टीबी पोर्टलवर) नोंद होते. ट्रूनॅटचं (टीबीचा जंतू शोधायचं) मशीन आता बऱ्याच तालुक्यांत आहे, ते आपल्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं, बॅटरीवर चालतं, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही त्याला मान्यता दिली. रिफॅम्पिसिनला (टीबीच्या मुख्य औषधाला) जंतू दाद देतोय का नाही तेही त्यावर त्याच दिवशी कळतं.

पण सॅम्पल घ्यायची वेळ आलीच तर सेंटरच्या खोलीत खोकायला लावू नका. बाहेर मोकळ्या हवेत, माणसं नाहीत अशा बाजूला, वाऱ्याची दिशा बघून तुम्ही लांब उभ्या राहा. लाळ नको, छातीतून ओढून काढलेला बेडका पाहिजे, दोन ते पाच एमएल. एक त्याच वेळी आणि एक पहाटेचा. पहाटेचा चांगला असतो, रात्रभर साठलेला. खाऊन आलेला असेल तर आधी साध्या पाण्यानं चूळ भरायला लावा.

पाठवताना फाल्कन ट्यूबचं (थुंकीच्या नळीचं) झाकण घट्ट, त्यावर पॅराफिल्म (ताणून लावायची मेणपट्टी), मग झिपलॉक आणि सोबत शोषणारा कापूस, मग बाहेरचा कडक डबा आणि जेलपॅक. फॉर्म ट्यूबला गुंडाळायचा नाही, वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये. गळालेली ट्यूब आणि भिजलेला फॉर्म माझ्या टेबलावर येतो तेव्हा तो उघडणाऱ्या मुलीच्या जिवाची काळजी वाटते. कल्चरला पुण्याच्या किंवा नागपूरच्या रेफरन्स लॅबला जायचं असेल तर गार साखळीत ७२ तासांच्या आत पोचलं पाहिजे, नाहीतर बाकीचे जंतू वाढून टीबीचा जंतू दिसतच नाही. लिक्विड कल्चरला ४२ दिवसांपर्यंत थांबावं लागतं हो, तेवढं थांबून रिपोर्ट 'कंटॅमिनेटेड' आला तर पेशंटचा दीड महिना वाया गेला.

सुनबाई_निपाणी:

मी लॅबवाली नाही पण मध्येच विचारते, सासूबाईंची २४ तासांची लघवी गोळा करायला सांगितलीय. एकच कॅन दिलाय. पहिली धरायची का सोडायची? आणि दुसरं जरा अवघड आहे विचारायला, मिस्टरांची वीर्यतपासणी आहे, लॅबमध्ये त्यांना जमणार नाही म्हणतात, घरून नेलं तर चालतं का?

पंचगंगाकाठ:

वहिनी यात अवघड काही नाही, रोज लोक विचारतात. २४ तासांची: सकाळी सातला उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्यायची आणि ती वेळ लिहायची, त्यानंतरची दिवसभराची, रात्रीची प्रत्येक, आणि दुसऱ्या दिवशी सातची सुद्धा कॅनमध्ये. एकदा जरी संडासात गेली तर हिशेब चुकतो, परत पहिल्यापासून. कॅन सावलीत गार जागी. आत आधीपासून ॲसिड घातलेलं असेल तर त्यात थेट करायची नाही, वेगळ्या भांड्यात घेऊन जपून ओतायची.

दुसरं, घरून चालतं पण तासाभराच्या आत लॅबच्या हातात पडलं पाहिजे, अर्ध्या तासात आलं तर फारच छान. डबी लॅबनं दिलेलीच, साध्या निरोधमध्ये नाही कारण त्यातल्या औषधानं शुक्राणू मरतात. बर्फ नाही, ऊन नाही, शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवून आणा. निपाणीतच लॅब असेल तर तिथंच द्या, कोल्हापूरपर्यंत वेळेत पोचणं अवघड. डबीवर वेळ लिहा, आणि थोडं जरी सांडलं असेल तर तसं सांगा.

लेस्टरकर:

इंग्लंडमध्ये हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. इथल्या हिवाळ्यात खेड्यातल्या दवाखान्यांतून येणाऱ्या सॅम्पलमध्ये अगदी हाच पोटॅशियमचा घोळ होतो, बर्फ न घालता नुसत्या बाहेरच्या थंडीनं. त्यामुळं आजऱ्यातलं वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

पॅकिंगबद्दल थोडं. कुरियरनं किंवा विमानानं रोगनिदानाची सॅम्पल जातात तेव्हा तीन थर असतात: न गळणारी ट्यूब, तिच्याभोवती सगळं शोषून घेईल एवढा कापूस, मग दुसरी न गळणारी पिशवी किंवा डबा, मग बाहेरचा कडक खोका आणि त्यावर चौकोन टोकावर उभा करून त्यात यूएन ३३७३ (रोगनिदानाच्या सॅम्पलचा आंतरराष्ट्रीय नंबर). एसटीच्या डब्याला हा शिक्का कुणी मागणार नाही पण तीन थरांचा विचार तिथंही तेवढाच खरा आहे, कारण तो डबा ज्याच्या मांडीशी ठेवला जातो त्याला आत काय आहे माहीत नसतं. कोरडा बर्फ घातला तर खोका हवाबंद करायचा नाही, गॅस साठून फुटतो.

इथं बरेच मराठी लोक आई-वडिलांचे रक्ताचे बल्ब सामानात घालून आणता येतील का विचारतात. नाही, विमानात असं सॅम्पल प्रवाशाच्या बॅगेत न्यायला बंदी आहे. बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड दुसऱ्या मतासाठी आणतात ते वेगळं, त्यात जिवंत काही नसतं. फक्त ते गाडीत उन्हात सोडू नका, मेण वितळतं, आणि दवाखान्याचं पत्र बरोबर ठेवा.

काळीपिवळी_यवतमाळ:

एक राहिलंच ताई, लेबल. रिकाम्या बल्बवर आधी नावं लिहून ओळीत मांडून ठेवायची सवय असेल कुणाला तर मोडा. रक्त काढलं, पेशंट समोर बसलेला आहे, त्यालाच पूर्ण नाव विचारलं आन तिथंच लिहिलं. नाव आन वय, नाव आन नंबर, दोन ओळखी पाहिजेच. तुमच्याकडं पाटील किती असतील एका गावात! आन डबा देतो-घेतो तेव्हा वहीत बल्बची संख्या, वेळ, गाडी नंबर, घेणाऱ्याची सही. सॅम्पल हरवलं की मग कुणी कुणावर ढकलू शकत नाही.

लाल_माती_एमडी:

आणि क्रॉसमॅचचं (रक्त चढवण्याआधी जुळवून बघायचं) रक्त ब्लड बँकेला जात असेल तर तिथं हे दुप्पट कडक. बल्बवरचं आणि फॉर्मवरचं नाव एका अक्षरानं जुळत नसेल तर फोनवर दुरुस्त करून घ्यायचं नाही, परत काढायचं. चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर माणूस जातो.

हिरण्यकेशी:

सगळं वहीत उतरवून घेतलं आणि सर्जननाही बायोप्सीचा भाग वाचून दाखवला, ते रुंद तोंडाच्या बाटल्या मागवतायत. लॅबशी बोलले, स्टँडवरचा पोरगा आमच्या गाडीचा डबा आधी पोचवेल म्हणाले, आणि फॉर्मवर रक्त काढल्याची आणि फिरवल्याची वेळ असे दोन रकाने मी वाढवलेत. ड्रायव्हरकाकांनाही डब्यात काय आहे ते सांगितलं, इंजिनवर ठेवू नका म्हटलं, ते म्हणाले आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

सेंट्रिफ्यूज येईपर्यंत न फिरवलेले बल्ब बर्फाविना जातील. गडहिंग्लज-आजरा भागात कुणाकडं चालू स्थितीतलं स्विंग-आउट मशीन विकायचं असेल तर मेसेज करा, नवीनसाठी पैसे जमवायला थोडा वेळ लागेल.